चुकलेल्या तोफेपासून गच्चीवरच्या डिशपर्यंत

कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन बघा. पाण्याच्या टाकीशेजारी, कठड्यावर, जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर टीव्हीच्या डिश बसवलेल्या दिसतील. कुणाची नवी, कुणाची गंजलेली, एखादीच्या आडोशाला कबुतरांनी घरटं केलेलं. कंपन्या वेगवेगळ्या, पण तोंडं साधारण एकाच बाजूला, पूर्व आणि दक्षिण यांच्यामध्ये, आग्नेयेकडे. गावात घरांच्या पत्र्यांवर बघा, तिथेही तेच. आणि ती तोंडं कधी हलत नाहीत. सूर्य सरकतो, चंद्र सरकतो, तारे सरकतात; डिश मात्र एकदा नट आवळले की वर्षानुवर्षं तशीच. याचा अर्थ त्या दिशेला आकाशात असं काहीतरी आहे, जे आपल्याला जागचं हलताना दिसत नाही.

त्या जागेचा उपयोग जगभर संदेश पोचवायला कसा करता येईल, हे हिशोबासकट मांडणारा माणूस पुढे विज्ञानकथांचा मोठा लेखक झाला. तिथपर्यंत पोचायचं वाहन ज्या तिघांनी प्रथम नीट विचार करून शोधलं, ते तिघेही लहान वयात विज्ञानकथा वाचून झपाटले होते. आणि त्यातल्या दोघांनी वाचलेल्या गोष्टीतलं मुख्य यंत्रच साफ चुकीचं होतं. विज्ञानकथा आणि तंत्रज्ञान यांचं नातं समजून घ्यायचं असेल, तर मला ही चूक फार महत्त्वाची वाटते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

900 फुटांची तोफ

1865 साली ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची चंद्रप्रवासाची कादंबरी आली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलेलं आहे. बाल्टिमोरमध्ये तोफा बनवणाऱ्यांचा एक क्लब आहे आणि लढाईच नाही म्हटल्यावर सगळे हात बांधून बसले आहेत. मग ठरतं की चंद्रावर गोळा डागायचा. जमिनीत खोल खणून ओतलेली 900 फूट लांबीची तोफ, तिच्यात चार लाख पौंड स्फोटक, वर ॲल्युमिनियमचा पोकळ गोळा. पुढे त्या गोळ्यात बसून जायला तीन माणसं तयार होतात. तोफ असते फ्लोरिडात. दुसऱ्या भागात हा गोळा चंद्राला वळसा घालून परत येतो आणि पॅसिफिक महासागरात पडतो.

1969 साली अपोलो-11 निघालं तेही फ्लोरिडातून, आत माणसं तीन, आणि परत येऊन उतरलं तेही पॅसिफिकमध्ये. यानाच्या मुख्य भागाचं नाव कोलंबिया, व्हर्नच्या तोफेचं नाव कोलंबियाड. परतीच्या वाटेवरून केलेल्या टीव्ही प्रक्षेपणात नील आर्मस्ट्राँगने व्हर्नच्या पुस्तकाची आठवण काढली होती.

हे ऐकलं की 'शंभर वर्षांपूर्वीच सगळं सांगून ठेवलं होतं!' असं म्हणायचा मोह होतो. 'विज्ञानकथेतली खरी ठरलेली भाकितं' अशा याद्या सगळीकडे फिरतात, त्या याच मोहातून. मला त्या याद्या आवडत नाहीत, कारण त्यात लेखक ज्योतिषी होऊन बसतो आणि त्याने केलेली मेहनत दिसेनाशी होते.

फ्लोरिडाचंच घ्या. चंद्र बरोबर डोक्यावर येतो तो फक्त विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे 28 अंशांपर्यंतच्या पट्ट्यात. उभी तोफ जमिनीत गाडायची, तर ती या पट्ट्यातच हवी. अमेरिकेच्या नकाशावर या अटीत बसणारा भाग म्हणजे फ्लोरिडा आणि टेक्सासचं दक्षिण टोक. कादंबरीत या दोन राज्यांचं त्यावरून कडाक्याचं भांडणही होतं. नासाची कारणं वेगळी होती. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला तिच्या फिरण्याचा वेग आयता मिळतो आणि विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं तितका तो जास्त मिळतो. शिवाय पूर्वेला मोकळा समुद्र असला, तर गळून पडणारे भाग कुणाच्या डोक्यावर पडत नाहीत. आपली श्रीहरिकोटाची जागाही पूर्व किनाऱ्यावर आहे ती याच कारणांनी. व्हर्न आणि नासा वेगवेगळ्या वाटांनी एकाच कोपऱ्यात पोचले. व्हर्नने नात्यातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाची मदत घेऊन गोष्टीतली आकडेमोड केली होती. त्याने गोळ्याला दिलेला वेग सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर होता. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला 11.2 लागतो. इतकं जवळचं उत्तर काही नशिबाने येत नाही.

चूक होती ती तोफेत. ती किती मोठी होती, हे शाळेतल्या गणिताने काढता येतं. गोळा शून्यापासून सेकंदाला 11 किलोमीटर वेगावर आणायचा आहे आणि त्यासाठी हातात फक्त नळीची लांबी आहे, म्हणजे जेमतेम 275 मीटर. एवढ्या अंतरात हा वेग गाठायला मिळतो सेकंदाचा विसावा भाग. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. एसटीने अचानक गती घेतली की आपण सीटच्या पाठीवर दाबले जातो, तोच दाब इथे पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे 22 हजार पट होतो. साठ किलोच्या माणसाच्या अंगावर तेराशे टनांच्या आसपास भार. रेल्वेची दहा इंजिनं एकावर एक रचावीत तेवढा. व्हर्नला धक्क्याची कल्पना होती, म्हणून त्याने गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर आणि मोडणाऱ्या फळ्या बसवल्या. पण दहा इंजिनांखाली गादी घालून काय होणार? तिघांचा तोफ उडाल्याच क्षणी चेंदामेंदा झाला असता.

दुसरी चूक मला आणखी विलक्षण वाटते. व्हर्नच्या गोळ्यातली माणसं सगळ्या प्रवासात पाय जमिनीला टेकवून चालतात. फक्त पृथ्वीची आणि चंद्राची ओढ जिथे सारखी होते, त्या एका जागी ती तरंगतात. खरं तर तोफेतून सुटल्यापासून ती सबंध वाट तरंगतच राहायला हवीत, कारण गोळा आणि आतली माणसं एकाच ओढीखाली एकाच वेगाने जात असतात. मग पाय टेकवणार कशावर? आता गंमत बघा. याच गोष्टीत बरोबर नेलेला एक कुत्रा मरतो आणि त्याला बाहेर टाकलं जातं. तो मागे पडत नाही, खिडकीबाहेर गोळ्याच्या जोडीने येत राहतो. हे अगदी बरोबर आहे! बाहेरचा कुत्रा गोळ्याबरोबर वाहत जातो, तर आतला माणूसही तसाच वाहत जाणार. वजनरहित अवस्थेचं उत्तर व्हर्नने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, फक्त ते खिडकीच्या आत आणायचं राहून गेलं.

वाचता वाचता कागद ओढणारे

हे पुस्तक लाखो लोकांनी वाचलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'केरळकोकिळ' मासिकातून व्हर्नच्या या प्रवासाचं मराठी रूप 'चंद्रलोकची सफर' या नावाने आलं आणि मराठीतल्या विज्ञानकथेचा माग काढणारे बहुतेक तिथपर्यंत जातात. बहुतेक वाचकांनी गोष्ट वाचली, मजा घेतली, पुस्तक मिटलं. थोड्यांनी मात्र वाचता वाचता कागद-पेन्सिल ओढली.

त्यातला एक रशियात होता. कॉन्स्टांटिन त्सिओल्कोव्स्की, जन्म 1857. दहाव्या वर्षाच्या सुमारास आजारपणात त्याची ऐकण्याची शक्ती बरीचशी गेली, शाळा सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात स्वतःच केलं. नंतर मॉस्कोपासून दूर कलुगा नावाच्या गावात तो मुलांना गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत असे. अवकाशप्रवासाच्या विचाराचं बीज आपल्या मनात व्हर्नमुळे पडलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तोफेने माणूस जिवंत जाणार नाही, हे त्याला आकड्यांनी दिसलं. मग प्रश्न उरला, की तोफेने नाही तर कशाने? 1903 साली त्याने उत्तर छापलं, रॉकेटने, आणि तेही द्रव इंधनाच्या.

हे उत्तर समजून घ्यायला तळ्यातली एक होडी डोळ्यांसमोर आणा. वल्हं नाही, पण होडीत नारळांची रास आहे. एक नारळ जोरात मागे फेकला की होडी जराशी पुढे सरकते. आणखी एक फेकला, आणखी जरा. तोफ सगळा धक्का एकदम देते, होडी तो थोडा थोडा देते, म्हणून आत बसलेल्याला सोसवतो. नारळाला मागे पाणी किंवा हवा ढकलावी लागत नाही. तो तुमच्या हातून सुटला, की तुम्हाला उलट बाजूला धक्का मिळालाच. म्हणून रॉकेट निर्वात पोकळीतही चालतं. ते मागे फेकतं तो जळलेला तप्त वायू, एवढाच फरक.

पण यात एक फार जाचक अट आहे आणि त्सिओल्कोव्स्कीचं मोठेपण ती अट सूत्रात बांधण्यात आहे. पहिला नारळ फेकता तेव्हा त्याने उरलेल्या सगळ्या नारळांनाही पुढे ढकलायचं असतं. म्हणजे सुरुवातीचे बरेचसे नारळ नुसते पुढच्या नारळांना वाहून नेण्यात खर्च होतात. समजा, वायू सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने बाहेर पडतो आहे. तर रॉकेटला तीन किलोमीटरचा वेग द्यायला सुरुवातीचं वजन शेवटी उरणाऱ्या वजनाच्या सुमारे 2.7 पट लागतं. सहा किलोमीटरसाठी 7.4 पट. नऊसाठी 20 पट. वेग तिप्पट झाला, पण वजन तिपटीने वाढलं नाही, गुणाकार होत गेला. आजही यातून सुटका नाही. चंद्रयान-3 घेऊन गेलेलं आपलं एलव्हीएम-3 रॉकेट उडताना सुमारे 640 टनांचं असतं आणि भूस्थिर कक्षेकडे, म्हणजे उपग्रह खालून जागचा न हलणारा दिसतो त्या उंचीकडे, जाणाऱ्या वाटेवर त्यातून पोचतात चार टन. बाकी सगळे वाटेत फेकलेले नारळ आणि रिकाम्या झालेल्या करंड्या. त्या करंड्याही सोडून द्यायच्या, म्हणजे रॉकेटचे टप्पे करायचे, हेही त्सिओल्कोव्स्कीने पुढे मांडलं. त्याने स्वतः विज्ञानकथाही लिहिल्या आणि त्यात माणसं तरंगतात ती अगदी बरोबर तरंगतात.

दुसरा वाचक आजच्या रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियातला, हर्मान ओबर्ट. जन्म 1894. अकराव्या वर्षाच्या सुमारास व्हर्न हातात आला आणि त्याने तो पाठ होईपर्यंत वाचला. शाळकरी वयातच त्यानेही तोफेचा हिशोब करून बघितला, माणसं चिरडतात हे पाहिलं आणि तोही रॉकेटपाशी आला. त्सिओल्कोव्स्कीचं काम त्याला ठाऊक नव्हतं. पुढे डॉक्टरेटसाठी त्याने याच विषयावर प्रबंध लिहिला, तो विद्यापीठाने स्वीकारला नाही. मग 1923 साली त्याने तो पुस्तक म्हणून छापला आणि जर्मनीत रॉकेटचं वेड पसरलं.

एकमेकांना न भेटता, हजाराहून जास्त किलोमीटर अंतरावर, दोन माणसं एकाच पुस्तकातली एकच चूक पकडतात आणि एकाच उत्तराशी येतात. मला वाटतं, व्हर्नची तोफ बरोबर असती तर हे झालं नसतं. आणि त्याने आकडे न देता नुसती जादू केली असती, परी येऊन उचलून घेऊन गेली असं लिहिलं असतं, तरीही झालं नसतं. लांबी, वजन, वेग सगळं छापलेलं होतं, म्हणून तपासता आलं. तपासता आलं म्हणून चूक सापडली. चूक सापडली आणि तरीही चंद्रावर जायची इच्छा सुटेना, म्हणून दुसरा मार्ग शोधावा लागला. कथेने त्यांना इच्छा दिली आणि गणित करायला एक उदाहरण दिलं. उत्तर त्यांचं त्यांनी काढलं.

तिसरा अमेरिकेतला रॉबर्ट गोडार्ड. त्याला ओढ लावली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाच्या मंगळवासीयांच्या कथेने. 19 ऑक्टोबर 1899 रोजी, सतरा वर्षांचा असताना, तो घरामागच्या चेरीच्या झाडावर फांद्या छाटायला चढला आणि मंगळावर जाईल असं एखादं यंत्र करता आलं तर काय बहार येईल, असं त्याच्या मनात आलं. पुढे जन्मभर तो ही तारीख स्वतःचा सण म्हणून पाळत असे. 16 मार्च 1926 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी, एका नातेवाइकांच्या शेतात, त्याचं द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडालं. अडीच सेकंद, 41 फूट उंच, आणि जाऊन पडलं कोबीच्या मळ्यात. त्याआधी 1920 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर अग्रलेख लिहून हवेशिवाय रॉकेट ढकलणार कशाला, असं विचारलं होतं. म्हणजे नारळाचा हिशोबच चुकवला होता. त्या वर्तमानपत्राने दुरुस्ती छापली 17 जुलै 1969 रोजी, अपोलो-11 चंद्राच्या वाटेवर असताना. गोडार्ड जाऊन तेव्हा चोवीस वर्षं होत आली होती.

पडद्यावरून युद्धात

1929 साली बर्लिनमध्ये 'फ्राऊ इम मोंड' (चंद्रावरची बाई) हा मूकपट आला, फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा. चंद्रावर जाणारं रॉकेट खरं वाटावं म्हणून त्याने ओबर्टला सल्लागार नेमलं. पडद्यावर टप्प्याटप्प्यांचं रॉकेट आहे, ते उंच इमारतीतून रुळांवरून बाहेर येतं, प्रवासी धक्का सोसण्यासाठी आडवे झोपतात. आणि प्रेक्षकांची उत्कंठा ताणायला लांगने एक युक्ती केली, आकडे उलटे मोजायचे, शून्याकडे. श्रीहरिकोटाच्या नियंत्रण कक्षात आज जी उलटी मोजणी आपण श्वास रोखून ऐकतो, ती आधी सिनेमात झाली. एरवी कथेमागून विज्ञान येतं म्हणतात. इथे कथाकाराने शास्त्रज्ञाला बोलावून घेतलं आणि शास्त्रज्ञांनी कथाकाराची युक्ती उचलली.

इथून पुढचा भाग लिहिताना हात जड होतो. ओबर्टच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुणांत वेर्नर फॉन ब्राऊन होता. जर्मन सैन्यासाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे रॉकेट बनवलं, त्याचं पहिलं यशस्वी उड्डाण 3 ऑक्टोबर 1942 रोजी झालं. त्या रॉकेटच्या अंगावर 'फ्राऊ इम मोंड'चं चित्र रंगवलेलं होतं. दोन वर्षांनी हीच रॉकेटं व्ही-2 नावाने लंडनवर कोसळत होती. ती बनत होती डोंगराच्या पोटातल्या कारखान्यात, छळछावणीतल्या कैद्यांच्या हातून, आणि ते कैदी हजारोंनी मेले. लहानपणी चंद्राचं वेड लागलेल्या माणसाने हे सगळं पाहिलं आणि तरीही काम चालू ठेवलं. विज्ञानकथेने प्रेरणा दिली असं म्हणताना हा हिशोब लपवता कामा नये.

याच्या उलट वागलेला एक वाचकही होता, लिओ झिलार्ड हा भौतिकशास्त्रज्ञ. अणूतली शक्ती बाहेर काढून शहरं उद्ध्वस्त करणारे बॉम्ब वेल्सने 1914 च्या एका कादंबरीत रंगवले होते. झिलार्डने ती 1932 मध्ये वाचली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये रस्ता ओलांडताना त्याला साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. एका न्यूट्रॉनने अणू फोडायचा, त्यातून दोन न्यूट्रॉन बाहेर पडायचे, ते आणखी दोन फोडणार, मग चार. वेल्सला ही प्रक्रिया माहीत नव्हती, त्याने फक्त परिणाम रंगवले होते. पण परिणाम आधी वाचलेले असल्यामुळे झिलार्डला आपल्या हाती काय लागलं आहे, ते लगेच कळलं. त्याने पेटंट घेतलं आणि ते उघड होऊ नये म्हणून ब्रिटिश नौदलाच्या खात्याकडे सोपवलं. पुढे हिटलरच्या हाती बॉम्ब आधी लागेल या भीतीने अमेरिकेने तो बनवावा म्हणून धडपडलाही तोच आणि 1945 मध्ये जपानच्या शहरांवर तो टाकू नका म्हणून सह्या गोळा करणाराही तोच.

न हलणारी जागा

आता परत गच्चीवर येऊ. व्ही-2 ने एक गोष्ट सिद्ध केली होती, की रॉकेट वातावरणाच्या वरच्या टोकापर्यंत खरोखर जातं. हे पाहून ब्रिटिश हवाई दलात रडारवर काम करणाऱ्या 27 वर्षांच्या एका अधिकाऱ्याने ऑक्टोबर 1945 मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या रेडिओ तंत्रज्ञांच्या मासिकात एक लेख लिहिला. त्याचं नाव आर्थर क्लार्क. लेखात गोष्ट नव्हती, आकडे आणि आकृत्या होत्या, पण लिहिणारा विज्ञानकथांवर वाढलेला होता आणि विचार करायची धाटणी तीच होती.

त्याचा मुद्दा असा समजून घ्या. पृथ्वीजवळचा उपग्रह तिच्याभोवती वेगाने फिरतो. चारशे किलोमीटरवरचं अवकाशस्थानक दीड तासात एक फेरी मारतं. चंद्र पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटर लांब, त्याला एका फेरीला 27 दिवस लागतात. जवळ असताना दीड तास, लांब गेल्यावर 27 दिवस. मग या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असं अंतर असणारच, जिथे एक फेरी बरोबर एका दिवसाची होईल. ते अंतर विषुववृत्तावर जमिनीपासून 35,786 किलोमीटर आहे. तिथे उपग्रह ठेवला की तो एका दिवसात एक फेरी मारणार आणि खालची पृथ्वीही तेवढ्याच वेळात एकदा फिरणार. दोघं जोडीने फिरणार, म्हणून खालून बघणाऱ्याला तो जागीच टांगल्यासारखा दिसणार. व्हर्नच्या खिडकीबाहेरचा कुत्रा आठवतो का? तसंच.

ही कक्षा क्लार्कच्या आधीही लोकांना ठाऊक होती. तिथे ठेवायच्या स्थानकाचं वर्णन हर्मान पोटोचनिक या अभियंत्याने 1920 च्या दशकाच्या शेवटी केलं होतं. क्लार्कची भर अशी, की अशी तीन स्थानकं सारख्या अंतरावर ठेवली, तर एकमेकांना संदेश देत ती जवळजवळ सगळं जग व्यापतील. रेडिओच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल असल्यामुळे लांबचं गाव आड जातं. म्हणून खांब उंच करायचा. क्लार्कने तो छत्तीस हजार किलोमीटर उंच केला.

आणि त्यानेही एक सुरेख चूक केली. त्याची स्थानकं माणसांची होती! तिथे राहायच्या खोल्या, प्रयोगशाळा, आणि पाळी बदलायला नेमाने ये-जा करणारी रॉकेटं. कारण त्या काळचे रेडिओ काचेच्या व्हॉल्ववर चालत. जुन्या रेडिओचे व्हॉल्व बदलून आणलेली माणसं अजून आपल्या घरांत असतील. व्हॉल्व दिव्यासारखे जळतात, ते बदलायला कुणीतरी तिथे हवंच. दोनच वर्षांनी, डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. व्हॉल्वचं काम करणारा, पण इवलासा, कमी विजेवर चालणारा आणि वर्षानुवर्षं टिकणारा. त्याला ट्रान्झिस्टर हे नाव सुचवलं जॉन पिअर्स या अभियंत्याने. हा पिअर्स जे. जे. कपलिंग या टोपणनावाने विज्ञानकथेच्या मासिकांतून लिहीत असे. पुढे 1960 मध्ये आकाशात सोडलेला एको हा फुग्याचा उपग्रह आणि 1962 चा टेलस्टार या दोन्हींमागे तोच होता. कथा लिहिणारा आणि यंत्र करणारा इथे एकच माणूस आहे.

टेलस्टार खालून फिरत असल्यामुळे त्याच्यामागे अजस्र अँटेना फिरवावी लागे आणि समुद्रापलीकडचं चित्र थोडा वेळच दिसे. मग 1964 मध्ये सिनकॉम-3 भूस्थिर कक्षेत गेला आणि टोकियो ऑलिंपिकचं चित्र पॅसिफिकपलीकडे पोचलं. 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये आधी लिहिलेल्या एका पत्रात क्लार्कने ही गोष्ट अर्ध्या शतकानंतरची असेल असं म्हटलं होतं. लागली एकोणीस वर्षं. त्या स्थानकात खोल्या नव्हत्या, पाळ्या नव्हत्या. पिंपाएवढं यंत्र, आत कुणी नाही.

जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला, नारायणगावच्या परिसरात, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम भू-उपग्रह केंद्र सुरू झालं. हिंद महासागरावरच्या अशाच एका न हलणाऱ्या उपग्रहाकडे तोंड करून तिथली भलीमोठी डिश उभी होती आणि परदेशी लावलेले कितीतरी फोन तिच्यातून जात. त्या काळी आखातात किंवा अमेरिकेत गेलेल्या मुलाशी बोलताना आपण बोलल्यावर पलीकडून उत्तर यायला जरा वेळ लागायचा, दोघं एकदम बोलायला लागायचे आणि दोघं एकदम थांबायचे. तो लाइनचा दोष नव्हता. आवाज छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन तेवढाच खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो, उत्तराला आणखी पाव सेकंद. अंतर किती आहे, ते त्या शांततेत ऐकू येत असे.

मग 1 ऑगस्ट 1975 ला 'साइट' हा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेने एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्या बाजूला सरकवून दिला आणि सहा राज्यांतल्या 2,400 गावांत थेट उपग्रहावरून टीव्ही दिसू लागला. शेती, आरोग्य, मुलांसाठी विज्ञान. विक्रम साराभाईंनी फार आधी हे चित्र पाहिलं होतं, पण प्रयोग सुरू झाला तेव्हा ते नव्हते. गावोगावच्या डिश अहमदाबादच्या केंद्रात तयार केल्या होत्या, दहा फूट व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या. जगातल्या सगळ्यांत मोठ्या प्रयोगांपैकी एक, आणि सामान बाजारातल्या दुकानात मिळणारं. मला यात फार अभिमान वाटतो.

क्लार्क तोपर्यंत श्रीलंकेत राहायला आला होता. भारतीय अभियंत्यांनी कोलंबोला जाऊन त्याच्या घरी एक डिश बसवून दिली. श्रीलंकेत तेव्हा टीव्ही प्रक्षेपणच नव्हतं. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेल्या जागेवरून आलेलं चित्र तो आता घरी बसून बघत होता आणि कार्यक्रम होते भारतातल्या खेड्यांसाठी केलेले.

तुमच्या गच्चीवरच्या डिशने नजर लावली आहे ती जागा स्वतः शोधायची असेल, तर वर्षातून दोनदा संधी येते. महाराष्ट्रातून बघताना मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, काही दिवस दुपारच्या आधी काही मिनिटं चित्र अडखळतं किंवा जातं. फार जण केबल हलवतात, सेट-टॉप बॉक्स बंद करून चालू करतात. त्या मिनिटांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो. तेव्हा गच्चीवर जा. सूर्याकडे बघू नका, डोळे मिटून चेहरा तिकडे वळवा. ऊन जिथून चेहऱ्यावर पडतं, त्याच रेषेत छत्तीस हजारांहून जरा जास्त किलोमीटरवर तो उपग्रह आहे. पाच-दहा मिनिटांत सूर्य पुढे सरकेल आणि खाली घरात चित्र परत येईल.